भयानक रसाचे दशक

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. त्यांत भयानक आणि बीभत्स हे दोन्ही रस आहेत. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. एकमेकांच्या शेजारी नांदणारे हे दोन रस पुष्कळांना एकच वाटतात. परंतु त्यांचे मूळ निराळे आहे. जे आपल्याला प्रिय आहे ते हिरावले जाईल, या जाणिवेतून भय जन्मते. किळस येण्यासाठी मात्र काहीच प्रिय असावे लागत नाही. हा भेद नीट ध्यानात घेतला, म्हणजे चित्रपटरसिकांत नेहमी रंगणाऱ्या एका वादाकडे अधिक स्वच्छ दृष्टीने पाहता येते. सर्वोत्तम भयपट कोणत्या दशकाने दिले, हा तो वाद.

कोणी १९३१ सालच्या ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’चा दाखला देऊन १९३० ते १९३९ या दशकाला कौल देतात. तरुण मंडळी बहुधा ऐंशीच्या दशकाकडे झुकतात. माझ्या मते हा मान १९७० ते १९७९ या दहा वर्षांचा आहे. त्या काळातील चित्रपट अधिक घाबरवतात म्हणून नव्हे, तर त्यांतील जे उत्तम आहेत ते भय दाखवण्याआधी प्रेम दाखवतात आणि त्या प्रेमाची किंमत कोण मोजणार, असा प्रश्न आपल्यापुढे ठेवतात म्हणून.

धर्मगुरूने भयपटांचा कैवार घ्यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत कलाविभागात मुर्नाव यांचा ‘नोस्फेराटू’ (१९२२) हा रक्तपिपासू पिशाच्चावरील मूकपट सन्मानाने विराजमान आहे. शिवाय भयपटाच्या इतिहासाशी कॅथलिक समाजाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. हॉलिवूडने १९३० साली स्वीकारलेली नीतिसंहिता डॅनियल लॉर्ड हे येशूसंघीय धर्मगुरू आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रकाशक या दोघांनी सिद्ध केली होती. १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी स्वतंत्र परिपत्रक काढून अमेरिकेतील कॅथलिकांच्या सभ्यता-चळवळीचे कौतुक केले. हेतू शुद्ध होता, आणि त्या संहितेने पुष्कळ गैर गोष्टी रोखल्या हेही खरे.

तथापि एक उदाहरण विचार करायला लावते. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये मृत देहात जीव आलेला पाहून तो शास्त्रज्ञ बेभान होतो आणि देव होणे म्हणजे काय हे आपल्याला आता कळले, असे ओरडून सांगतो. संहितेच्या काळात चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा हे उद्गार काढून टाकण्यात आले. ते पूर्ववत होण्यास अनेक दशके जावी लागली. वस्तुतः त्या कथेतील पाप नेमके त्याच उद्गारात आहे. निंदा टाळण्याच्या भरात कात्री चालली ती पापाच्या कबुलीवर! दुष्टाला शिक्षा झालीच पाहिजे, हा त्या काळचा नियम. त्यामुळे शेवट आधीच ठाऊक असे आणि प्रेक्षक निर्धास्तपणे घरी जात. पिशाच्च कुठल्यातरी दूरच्या पर्वतावरील किल्ल्यात राहत होते. आपल्या गल्लीशी त्याचा संबंध नव्हता.

हा निर्धास्तपणा हिचकॉकच्या ‘सायको’ने १९६० साली मोडला. १९६८ साली ‘रोझमेरीज बेबी’ने सैतानाला न्यूयॉर्कमधील शेजाऱ्यांच्या बैठकीत आणून बसवले. त्याच वर्षाच्या अखेरीस जुनी संहिता जाऊन वयोगटानुसार वर्गवारीची पद्धत आली. पुढे व्हिएतनामचे युद्ध आणि १९७४ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना द्यावा लागलेला राजीनामा यांमुळे, आपली वडीलधारी माणसे आणि संस्था आपले रक्षण करतात, या अमेरिकन मनाच्या विश्वासाला तडा गेला. सत्तरच्या दशकातील भयपट या भूमीत उगवले.

त्यांतील शिरोमणी अर्थातच ‘द एक्झॉर्सिस्ट’. विल्यम पीटर ब्लॅटी यांची कादंबरी १९७१ ची. विल्यम फ्रीडकिन यांनी केलेला चित्रपट डिसेंबर १९७३ मध्ये प्रदर्शित झाला. वर्षभरापूर्वीच, नोव्हेंबर १९७२ मध्ये, पोप सहावे पॉल यांनी सार्वजनिक भेटीच्या वेळी सैतान ही केवळ कल्पना नव्हे, असे निक्षून सांगितले होते. ब्लॅटी स्वतः येशूसंघाच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचे विद्यार्थी. चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकने मिळाली. पटकथा आणि ध्वनी यांसाठी दोन पारितोषिके लाभली. परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती मुलीची फिरणारी मान आणि तो हिरवा ओकारा. म्हणजे बीभत्स तेवढे लक्षात राहिले आणि भयानक विसरले गेले!

या चित्रपटाचा खरा नायक डेमियन कॅरस हा तरुण धर्मगुरू आहे. तो मानसोपचारतज्ज्ञही आहे. न्यूयॉर्कमधील एका जुन्या घरात त्याची आई एकटी राहते. तिच्या उपचारांसाठी त्याच्यापाशी पैसे नाहीत आणि संघाच्या कामामुळे तिच्याजवळ राहणेही शक्य नाही. अखेर ती एकाकी मरते आणि दोन दिवस कोणाला पत्ता लागत नाही. पुढे सैतान त्याच्याशी बोलतो तो त्या आईच्या आवाजात. आपल्या वसाहतींतही मुले परदेशी गेलेली आणि वृद्ध आई मोठ्या घरात एकटी, असे चित्र दुर्मिळ राहिलेले नाही. कॅरसला जे भय वाटते ते ओळखायला आपल्याला भुताखेतांवर विश्वास ठेवण्याची गरज नाही.

दुसरी बाजू रेगनच्या आईची. ती देव न मानणारी, नामांकित अभिनेत्री. बारा वर्षांच्या मुलीसाठी ती आधी डॉक्टरांचे सारे दरवाजे ठोठावते. या चित्रपटातील पाहण्यास अवघड दृश्यांपैकी एक रुग्णालयातील आहे : मेंदूच्या तपासणीसाठी त्या मुलीच्या मानेत सुई खुपसली जाते आणि यंत्रे धडधडत राहतात. तेथे सैतान नाही. आहे ती केवळ एका आईची असहायता. कॅरसही प्रथम विधीस नकारच देतो, पुरावा शोधतो आणि मग बिशपांची परवानगी मिळते. पवित्र सभेची शिस्तही हीच आहे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसारही (कलम ११७२) बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून हा विधी कोणालाही करता येत नाही. पोरगे जरा विचित्र वागले की बाहेरच्या मांत्रिकाकडे धावणाऱ्या पालकांनी चित्रपटातील हा क्रम अवश्य पाहावा : आधी वैद्य, मग विवेक, मग विधी.

आणि शेवट? वयोवृद्ध फादर मेरिन विधीच्या दरम्यान हृदयक्रिया बंद पडून मरण पावतात. कॅरस त्या दुष्टात्म्याला आपल्या अंगात यायला सांगतो आणि खिडकीतून खाली उडी घेतो. मूल वाचते. रस्त्यावर मरणासन्न पडलेल्या कॅरसचा हात हाती घेऊन त्याचा मित्र फादर डायर त्याला पापक्षमा देतो. सैतान जिंकला, असा अर्थ अनेक प्रेक्षकांनी काढला आणि ब्लॅटींना त्याची खंत वाटत राहिली. २००० साली वाढीव आवृत्ती आली तेव्हा जिन्यावरील एक छोटा संवाद परत घेण्यात आला. त्यात मेरिनचे म्हणणे असे, की सैतानाचे खरे लक्ष्य ती मुलगी नसून तिच्याभोवतीची माणसे आहेत. आपण पशूसारखे हीन आहोत, देवाने प्रेम करावे असे आपल्यात काहीच नाही, हे त्यांना पटवावे यासाठी हा खटाटोप. निराशा हेच सैतानाचे हत्यार, असे इतक्या थोडक्यात सांगणारे प्रवचन मी क्वचितच ऐकले आहे. आणि धर्मरक्षणासाठी लिहिलेल्या जुन्या संहितेखाली, त्यातील शिवीगाळ आणि विटंबना पाहता, हा चित्रपट निघूच शकला नसता, ही विसंगती आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे.

एका चित्रपटावरून दशक थोर ठरत नाही. निकोलस रोग यांच्या ‘डोन्ट लूक नाऊ’मध्ये (१९७३) बुडून मेलेल्या मुलीचे आईबाप व्हेनिसला येतात, बाप तेथे एका जुन्या चर्चच्या डागडुजीचे काम करतो आहे. त्याला भविष्य दिसते, पण आपल्याला दिसते हे तो मान्य करीत नाही. शोक नाकारणाऱ्या माणसाचे इतके अचूक चित्रण अन्यत्र सापडणे कठीण. स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’मध्ये (१९७५) यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असल्याने मासा फार वेळ पडद्यावर दिसतच नाही, आणि ते कथेच्या पथ्यावर पडले. खरा दोष माशाचा नाहीच. पर्यटकांचा हंगाम बुडू नये म्हणून किनारा खुला ठेवणाऱ्या नगराध्यक्षाचा तो दोष आहे. ज्या आईचे मूल गेले, ती सर्वांदेखत पोलीस-प्रमुखाच्या थोबाडीत मारते; त्या एका चपराकीत जे आहे ते शंभर दात दाखवून साधले नसते. ‘एलियन’मध्ये (१९७९) अंतराळयानातील माणसांचे प्राण कंपनीने आधीच हिशेबातून वगळलेले असतात. जॉर्ज रोमेरो यांच्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये (१९७८) प्रेते उठून चालू लागतात आणि सवयीने बाजारसंकुलातच येऊन घुटमळतात. हसावे की घाबरावे, कळत नाही.

या दशकाचे दोष झाकण्याचे कारण नाही. ‘द ओमेन’ (१९७६) गाजला खरा, पण प्रकटीकरणाच्या पुस्तकाचे त्याने एक कोडे करून टाकले. त्यातील धर्मगुरू जे भविष्यसूचक पद्य म्हणतो ते बायबलमध्ये कोठेही नाही. तेथे सैतान सर्वशक्तिमान आणि माणसे केवळ प्यादी. कोणाच्या निवडीने काहीच बदलत नाही. निवड नाही तेथे पाप नाही, आणि पुण्यही नाही. उरते ती केवळ मरणांची मालिका.

पुढे तीच मालिका धंदा झाली. जॉन कारपेंटर यांच्या ‘हॅलोवीन’ने (१९७८) अल्प खर्चात अफाट पैसा मिळवला. स्वतः तो चित्रपट संयमी आहे, रक्त फारसे दाखवत नाही. पण १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’पासून त्याच्या नकला सुरू झाल्या आणि पात्रे मरण्यापुरतीच पडद्यावर येऊ लागली. ज्याचे नावही लक्षात राहत नाही, त्याच्यासाठी भय कसे वाटावे? रंगभूषेची करामत वाढली, भयानकाची जागा बीभत्साने घेतली. कुब्रिक यांचा ‘द शायनिंग’ (१९८०) आणि क्रोननबर्ग यांचा ‘द फ्लाय’ (१९८६) हे सन्माननीय अपवाद. आणि ते अपवाद का, तर एकात कुटुंब आहे आणि दुसऱ्यात प्रेम.

सत्तरच्या दशकाचा एक धागा आपल्याकडेही पोहोचला होता. विकास देसाई व अरुणा राजे यांच्या ‘गहराई’ (१९८०) या हिंदी चित्रपटाच्या लेखनात विजय तेंडुलकरांचा हात होता, डॉ. श्रीराम लागू बापाच्या आणि पद्मिनी कोल्हापुरे बाधा झालेल्या मुलीच्या भूमिकेत. ‘द एक्झॉर्सिस्ट’ची छाया त्यावर आहे, परंतु कथेच्या मुळाशी आहे ती बापाने विकलेली गावाकडची वडिलोपार्जित जमीन. भुताला आपल्या मातीत रुजवण्याची ही रीत, जुन्या हवेल्यांत रबरी मुखवटे नाचवणाऱ्या त्या काळच्या अनेक हिंदी भयपटांना साधली नाही.

त्यानंतर चांगले भयपट निघालेच नाहीत, असे नाही. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ (१९९१), जपानी ‘रिंगू’ (१९९८), वर्णद्वेषावरील ‘गेट आऊट’ (२०१७) आणि विधवा आईच्या दुःखावरील ‘द बाबाडूक’ (२०१४) ही नावे सहज सुचतात. पण त्यांतील बहुतेकांची वाट सत्तरच्या दशकानेच आखून दिलेली आहे.

यांपैकी बहुतेक चित्रपट लहान मुलांसाठी नाहीत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मात्र मोठी झालेली मुले ते पाहणारच. आता तर ते घरबसल्या पाहता येतात. तेव्हा बंदी घालून स्वस्थ बसण्यापेक्षा पालकांनी त्यांना एकच प्रश्न विचारावा : यात कोण कोणावर प्रेम करीत होते? उत्तर देता आले, तर तो चित्रपट पाहण्याजोगा होता. उत्तर सुचले नाही, तर मूल घाबरले तरी वाया गेले, आणि तिकिटाचे पैसेही!