साखळी आणि चितपट

सामन्याचा आस्वाद घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत; हंगामाचा आस्वाद घेणारे थोडे. सामना दीड-दोन तासांत डोळ्यांसमोर पुरा होतो. हंगाम मात्र महिनोन्महिने चालतो आणि त्याचा आकार एका दृष्टिक्षेपात कुणालाच दिसत नाही. पहिल्या आठवड्यात हातचा गेलेला गुण अखेरच्या आठवड्यात आठवावा लागतो. मधल्या काळात कोण दुखावला, कोण बहरला, कुणाचा सूर हरपला हे सारे मनात साठवावे लागते. दीर्घ कादंबरी वाचणाऱ्याला जी स्मरणशक्ती आणि जी सोशिकता लागते, तीच येथे लागते. म्हणूनच कोल्हापूरच्या फुटबॉल हंगामाचा विचार वाङ्मयाच्या नियतकालिकात करण्यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही. प्रश्न खेळाचा आहे तितकाच रसिकतेचा आहे.

कोल्हापूरचा हंगाम ही महाराष्ट्रातील एक वेगळीच चीज आहे. ज्या राज्यात खेळ म्हटला की क्रिकेट असे समीकरण होऊन बसले आहे, तेथे हे एक शहर हिवाळ्यापासून वळवाच्या पावसापर्यंत फुटबॉलवर बोलत असते. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन—गावाच्या तोंडी 'केएसए'—सोळा वरिष्ठ संघांची साखळी भरवते. तिच्या जोडीला बाद पद्धतीच्या चषक स्पर्धा होतात. मैदान एकच, राजर्षी शाहू स्टेडियम. संघांची नावे नुसती वाचली तरी शहराचा नकाशा उलगडतो: पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, जुना बुधवार पेठ तालीम, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. ह्यांतली बहुतेक नावे तालमींची आहेत ही गोष्ट सहज डोळ्यांआड होते. पण माझ्या मते साऱ्या विवेचनाची किल्ली तीच आहे.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला. १९०२ साली युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर खासबागेचे मैदान बांधण्याची कल्पना त्यांच्या मनात आली आणि १९१२ च्या सुमारास ते उभे राहिले. त्याला लागूनच त्यांनी नाट्यगृह उभारले, तेच पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले गेले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत होरपळले. आखाडा आणि रंगभूमी यांच्यात एका भिंतीचे अंतर ठेवणाऱ्या गावाची रसिकता कशी घडली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. ह्या प्रेक्षकाची नजर खासबागेच्या उतरत्या पायऱ्यांवर बसून तयार झाली. त्या नजरेला कसब कळते, पवित्रा कळतो, दम कळतो. पण तिला शेवटी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे निकाल. पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपली. बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीवर ह्या गावाने कधी मनापासून टाळी वाजवली नाही.

तालमीत फुटबॉल आला तेव्हा ही नजरही त्याच्याबरोबर मैदानावर आली. माझे म्हणणे एवढेच आहे की, कोल्हापूरचा प्रेक्षक फुटबॉल पाहतो तो कुस्तीच्या डोळ्यांनी. त्याचे भूषणही तेच आणि उणेपणही तेच.

भूषण असे की, दोन खेळाडू समोरासमोर आले, एकाने चेंडूला हुलकावणी देत दुसऱ्याला चकवले, की सारे स्टेडियम एका श्वासाने उठते. त्या क्षणाची पारख येथल्या हमालालाही असते आणि सराफालाही. उणेपण असे की, सामना चितपट झाला नाही तर आपण फसवले गेलो असे ह्याच प्रेक्षकाला वाटते. त्यामुळे साखळीपेक्षा बाद स्पर्धा त्याला जवळची वाटते. तेथे बरोबरी चालत नाही. गोल झाले नाहीत तर टायब्रेकर, त्यातही सुटले नाही तर सडनडेथ. चषकाच्या अंतिम सामन्याला मैदान अपुरे पडते. साखळीतल्या मधल्याच एका दुपारी, तळाच्या दोन संघांच्या सामन्याला, मोजकी माणसे सावली शोधत बसलेली असतात.

मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली. ती येथे लावून पाहिली तर फरक स्पष्ट होतो. बाद स्पर्धेत विरोध हेच एक तत्त्व राबते: हा किंवा तो, आत किंवा बाहेर. साखळीत तिन्ही नांदतात. दोन पेठांचा विरोध तेथे आहेच; पण तिसऱ्याच कुणा संघाने चौथ्याला रोखले की पहिल्या दोघांचे भवितव्य बदलते, हा दूरचा संवादही तेथे आहे. आणि बरोबरीला तेथे एका गुणाची किंमत आहे. म्हणजे समतोल ही तेथे मानाची अवस्था आहे, कुचंबणा नव्हे. तळाचा संघ बलाढ्य संघाला शून्यावर रोखून एक गुण घेऊन जातो तेव्हा त्या शून्यात जे नाट्य असते, ते चषकाच्या नगाऱ्यात ऐकू येत नाही.

हा पेच एकट्या कोल्हापूरचा नाही. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम हा साऱ्या खेळांतील सर्वांत लांब ग्रंथ मानावा लागेल. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. १९६८ पर्यंत दोन साखळ्यांतले दोन अव्वल संघ तेवढे अखेरच्या मालिकेत भेटत. १९६९ मध्ये त्याआधी एक बाद फेरी घातली गेली. ती वाढत वाढत २०२२ पासून बारा संघांना तेथे वाव मिळाला. सामने वाढले म्हणजे प्रक्षेपणाचे उत्पन्न वाढते, हे उघडच आहे. परिणाम असा की, २००१ साली सिअ‍ॅटलच्या संघाने १६२ पैकी ११६ सामने जिंकले आणि तो अखेरच्या मालिकेपर्यंतही पोहोचला नाही. न्यूयॉर्कने त्याला वाटेतच बाद केले. सहा महिन्यांचे सत्य एका आठवड्याने खोडून काढले. आपल्याकडे इंडियन सुपर लीगमध्ये २०२३-२४ च्या हंगामात मोहन बागानने साखळीच्या शेवटच्या सामन्यात मुंबई सिटीला हरवून ढाल जिंकली आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच कोलकात्याच्या मैदानावर मुंबईने अंतिम सामन्यात बागानला ३-१ असे हरवून चषक नेला. एका ग्रंथाला दोन शेवट! त्यांतला खरा कोणता? मला विचाराल तर साखळीचा. पण मिरवणूक निघते ती चषकाची.

केएसएने साखळी आणि चषक वेगवेगळे ठेवले आहेत, हे म्हणूनच मला शहाणपणाचे वाटते. कादंबरी कादंबरीच्या जागी, एकांकिका एकांकिकेच्या जागी. तक्रार रचनेबद्दल नाही, वाचकाबद्दल आहे.

आता हंगाम संपल्यानंतरच्या काळाकडे वळू. मृगाचा पाऊस लागला की मैदान विसावा घेते; पण हंगामाचा एक भाग तेव्हाच घडत असतो, तो कट्ट्यांवर आणि चहाच्या टपऱ्यांवर. कोण कुठे जाणार? मग खेळाडूंची नोंदणी होते आणि गेल्या वर्षी मंगळवार पेठेतून खेळलेला मुलगा ह्या वर्षी शिवाजी पेठेच्या जर्सीत दिसतो. त्यात बाहेरगावचे खेळाडू येतात. मधल्या काही वर्षांत आफ्रिकेतलेही येऊन गेले. अशा वेळी जुने लोक उसासा टाकतात: "पूर्वी पेठेतलीच पोरं पेठेसाठी खेळायची. आता काय, बाजार मांडलाय!"

ह्या उसाशात खरेपणा नाही असे नाही. पण ह्या तक्रारीची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. अमेरिकेत कित्येक दशके बेसबॉलचा खेळाडू आपल्या संघाला कराराने असा बांधलेला असे की, मालक सोडीपर्यंत त्याला दुसरीकडे जाता येत नसे. मालकाला मात्र त्याला हवे तेव्हा दुसऱ्या गावी धाडता येई. प्रेक्षक ह्यालाच निष्ठा समजत होते. १९६९ साली सेंट लुईसच्या कर्ट फ्लड ह्या खेळाडूने फिलाडेल्फियाला जायचे नाकारले आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, त्याची कारकीर्दही संपली. पण १९७५ मध्ये एका लवादाच्या निकालाने ते बंधन तुटले. ज्याला आपण निष्ठा म्हणत होतो ती दुसऱ्याच्या पायातली बेडी होती, हे तेथल्या रसिकांना उशिराने कळले. आपल्याकडचा खेळाडू बहुधा बेताच्या घरातला असतो. गुडघा शाबूत आहे तोवरची चार-सहा वर्षेच त्याची असतात. त्याने दोन पैसे अधिक मिळतील तेथे जाऊ नये, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि जो बाहेर पडतो त्याचा आपल्याला अभिमानही वाटतोच. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो पेठेतच राहिला असता तर तेथे दिसला नसता.

खेळाडू बदलतात, मग टिकते काय? अमेरिकेत १९५७ च्या हंगामानंतर ब्रुकलिनचा डॉजर्स संघ मालकाने उचलून लॉस एंजेलिसला नेला. खेळाडू तेच, नाव तेच, पण गाव पोरके झाले. कोल्हापुरात हे घडू शकत नाही. तालीम उचलून कुठे नेणार? तिच्यात गणपती बसतो, अनेक तालमींत मोहरमचा पंजाही बसतो, शिवजयंतीची वर्गणी तेथेच गोळा होते. अकरा माणसे दरवर्षी बदलली तरी तालीम चौकात उभीच असते. तेव्हा ह्या कादंबरीचा नायक खेळाडू नाही आणि त्या वर्षीचा संघही नाही; पेठेची स्मृती हाच तिचा नायक आहे. निष्ठा हे खेळाडूवर लादायचे ओझे नव्हे. ती प्रेक्षकाची जबाबदारी आहे आणि ती पार पाडायला त्याच्यापाशी आठवणीखेरीज दुसरे साधन नाही.

पण ही स्मृती जपायची कुणी? आपली वृत्तपत्रे सामना संपल्याबरोबर 'निसटता विजय', 'धडाकेबाज मात', 'टायब्रेकरवर बाजी' अशा ठशांतून बातमी पाडतात. गोल कोणत्या मिनिटाला झाला ते त्यांत असते. तो गोल तीन महिन्यांपूर्वीच्या कोणत्या चुकीची भरपाई होता, ते नसते. प्रत्येक बातमी जणू पहिलीच असावी अशी लिहिलेली असते. मागचे पुढे येत नाही, म्हणून हंगाम बातम्यांच्या ढिगात विखरून जातो. अमेरिकेत रॉजर एंजेल हा 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात कथांचे संपादन करणारा गृहस्थ १९६२ पासून बेसबॉलवर लिहू लागला आणि २०२२ मध्ये एकशे एकाव्या वर्षी वारला. त्याचा पायंडा असा की, तो प्रेक्षकांत जाऊन बसे आणि हंगाम संपल्यावर साऱ्याचा मागोवा घेत सावकाश लिही. कथेचा संपादक खेळाकडे वळला हा योगायोग नव्हे. सुरुवात, मध्य आणि शेवट यांचे नाते त्याला ठाऊक होते. असा एक लेखक शाहू स्टेडियमच्या पायरीवर वर्षभर बसायला हवा. गावात सांगणाऱ्यांची उणीव नाही. कोणत्याही कट्ट्यावर वीस वर्षांपूर्वीची फ्री किक हातवाऱ्यांसकट ऐकायला मिळते. कागदावर मात्र त्यातले फारसे उतरत नाही.

आणि शेवटी सर्वांत कठीण गोष्ट. कोल्हापुरात प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीने सामने थांबले आहेत, स्पर्धा अर्ध्यावर सोडाव्या लागल्या आहेत. त्यावर नीतीचे प्रवचन पुष्कळांनी दिले आहे. मी त्यात भर घालणार नाही. टीकाकार म्हणून मला एवढेच दिसते की, दगड भिरकावणारा माणूस वाईट नागरिक असेल वा नसेल, तो वाईट वाचक निश्चित आहे. एका प्रकरणात आपल्या पात्राची पीछेहाट झाली म्हणून तो उरलेले पुस्तक फाडून टाकतो. कुस्तीत पराभव झाला की त्या दिवसापुरते सारे संपते, म्हणून तो पराभव असह्य होतो. साखळीत पराभव हा मजकुराचा भाग आहे. तो पचवल्याखेरीज पुढचे पान वाचता येत नाही. सिअ‍ॅटलच्या त्या विक्रमी संघाच्या नावावरही सेहेचाळीस पराभव होते.

कुस्तीने ह्या गावाला क्षण पाहायला शिकवले आणि ते शिक्षण मोलाचे आहे. ते टाकून द्यावे असे कुणी म्हणणार नाही. परंतु फुटबॉल पेठेत येऊन आता पिढ्या उलटल्या. त्याच्याकडून शिकायचे ते अजून राहिलेच आहे. दिवाळी सरली की पुन्हा खेळाडू मैदानावर दिसू लागतील, साखळीचे वेळापत्रक लागेल. चषकाच्या अंतिम सामन्याला आपण जाऊच. त्याआधी एखाद्या आडवारी, गुणतक्त्याच्या तळाशी झगडणाऱ्या दोन संघांचा गोलशून्य बरोबरीत सुटणारा सामना शेवटपर्यंत पाहावा आणि तो लक्षात ठेवावा. हंगाम कळायला लागल्याची ती पहिली खूण होय.