सांगलीचा पूर आणि नकाशातलं कोरडं शहर

तुमच्यापैकी दोघं-तिघं तरी पीएचडीच्या प्रपोजलमध्ये ‘सॅटेलाइट इमेजवरून शहरी पुराचा नकाशा’ हा विषय घेणार, हे मी धरूनच चाललोय. विषय वाईट नाही. डेटा फुकट, गूगल अर्थ इंजिनवर कोडही तयार मिळतो. पण त्या तयार कोडवर ऑगस्ट 2019 ची सांगली चालवा आणि नकाशा जरा जवळून बघा.

पावसाळ्यात ढग असतात, म्हणून आपण सेंटिनेल-1 चं रडार घेतो. शांत पाण्यावर पडलेली लहर आरशावरून गेल्यासारखी पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही. त्यामुळे पाणी काळं दिसतं. थ्रेशोल्ड लावला की कृष्णाकाठची बुडालेली शेतं झकास निळी होतात. आता गावभाग, मारुती चौक बघा. तिथे लोकांना बोटीतून काढावं लागलं होतं, आणि निळा रंग नेमका अशाच दाट वस्तीत तुटतो.

कारण साधं आहे. रस्त्यातल्या पाण्यावरून उडालेली लहर घराच्या भिंतीवर आपटते आणि सरळ उपग्रहाकडे परत येते. म्हणजे बुडालेली गल्ली काळी नाही, उलट जास्त उजळ दिसू शकते. कोड म्हणतो, कोरडी! त्यात पिक्सेल 10 मीटरचा. आमच्या येवल्यातल्या जुन्या गल्ल्या तर भिंती-छपरांसकट एकाच पिक्सेलात बसतील.

तरी पेपरात अ‍ॅक्युरसी भरघोस येते. कशी? तपासणीचे बहुतेक बिंदू नदीत आणि शेतात टाकलेले असतात. हे मीही केलंय, आणि गाइडच्या लक्षात आलं नव्हतं. पण असा नकाशा बघून कुणी बोटी कुठे पाठवायच्या ते ठरवलं तर?

मग करायचं काय? पुराआधीची त्याच कक्षेतली इमेज घ्या, वस्तीत उजळपणा कुठे वाढला ते शोधा. दोन इमेजमधला कोहिरन्स कुठे घसरला तेही बघा. आयर्विन पुलाची पातळी सोबत ठेवा: धोक्याची खूण 45 फूट, त्या पुरात पाणी 57 च्या वर गेलं होतं. उपग्रह नेमका त्याच वेळी डोक्यावर होता का, तारीख-वेळ तपासा. खोली काढायला एसआरटीएम वापरणार असाल तर त्यात छपरांची उंचीही मिसळलेली असते आणि चूक काही मीटरची असू शकते. सांगलीत एका मीटरने घराचा पहिला मजला वाचतो किंवा जातो.

आणि तपासणीचे निम्मे बिंदू तरी वस्तीत टाका. अ‍ॅक्युरसी पडेल. पडलेला आकडाच लिहा.