लुगड्याचा काठ : एक उपेक्षित साधन

उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हा ग्रंथ जुन्या कागदांच्या संग्राहकांनीं अवश्य वाचावा. आंबेडकरी चळवळींतील स्त्रियांच्या मुलाखती हें त्याचें मुख्य बळ होय.

डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं स्त्रियांस सांगितलें कीं, अस्पृश्यतेची खूण पटविणारी लुगड्याची व दागिन्यांची रीत सोडा. आखूड नेसलेलें लुगडें तेव्हां घोट्यापर्यंत आलें. ह्यास कोणी उच्चवर्णीयांचें अनुकरण म्हणतात. तो निर्णय आम्हांस मान्य नाहीं. अमेरिकेंत १८५१ सालीं अमेलिया ब्लूमर बाईंनीं पुरस्कारिलेल्या वेषांत घागरा आखूड होऊन खालीं विजार आली. पुढें लोकांच्या चेष्टेंत हक्कांचा मूळ प्रश्नच झांकला जाऊं लागल्यानें पुढारी स्त्रियांनीं तो वेष टाकला. तिकडे काठ वर गेला, इकडे खालीं आला. परंतु लादलेली रीत मोडणें हा अर्थ दोहोंकडे एकच.

नागपुरास जुलै १९४२ मध्यें सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं दलित स्त्रियांची परिषद भरली. तींत घटस्फोटाच्या हक्काचे व बहुपत्नीकत्वाच्या बंदीचे ठराव झाले. वेषापासून कायद्यापर्यंतची ही वाट पंधरा वर्षांची आहे.

ठराव दप्तरांत सांपडतात; लुगडें कसें नेसलें हें दप्तर सांगत नाहीं. ‘बहिष्कृत भारता’च्या अंकांशीं ह्या आठवणी ताडून पाहणें अगत्याचें आहेच. तथापि त्या सांगणारी पिढी आतां सरली असल्यामुळें ह्या मुलाखतींस आम्ही अस्सल कागदाच्या पंक्तीस बसवितों.