हळदणकरांच्या चित्रातील झाकलेली ज्योत

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील जलरंगचित्र 'ग्लो ऑफ होप' या इंग्रजी नावाने ओळखले जाते. एका हाती दिवा घेतलेली आणि दुसऱ्या हाताने त्याची ज्योत झाकणारी घरातील स्त्री, एवढाच त्याचा विषय. पुष्कळांकडून ते राजा रविवर्म्याचे समजले जाते. रविवर्मा 1906 मध्येच निवर्तला आणि हे चित्र 1945-46 च्या सुमाराचे आहे, इतके सांगितले म्हणजे तो वाद मिटतो. इंग्रजी नावाने घातलेला घोटाळा मात्र इतक्या सहजी निस्तरणारा नाही.

आशा पुढे पाहते. या चित्राचा सारा भार ज्या हातावर आहे तो हात जपणुकीचा आहे. वारा आला तर काय, या शंकेने तो ज्योतीच्या आड धरलेला आहे. देवळातील दीपलक्ष्मीची मूर्ती उघड्या ज्योतीचा दिवा पुढे करून उभी असते, कारण तो दिवा देवासाठी असतो. हळदणकरांची स्त्री दीपलक्ष्मीच्या वळणावर उभी असूनही देवता होत नाही, ती या आडव्या हातामुळेच. मराठी घरात देवापुढचा दिवा 'विझला' असे म्हणत नाहीत. तो 'शांत झाला' म्हणतात. बांगडी 'वाढवली' म्हणण्याची रीतही याच कुळातील. अशुभाचा उच्चार टाळणाऱ्या या भाषेत जी धास्ती दडलेली आहे, तीच चित्रातील हाताच्या ठेवणीत आहे. ती धास्ती 'होप' या शब्दात मावत नाही.

या भावाला जलरंगाच्या स्वभावाचीही जोड मिळाली आहे. तैलरंगात काळोख आधी रंगवून वर उजेड चढविता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कोरा कागद. एकदा तो झाकला की पूर्ववत होणे कठीण. म्हणजे चित्रातील स्त्री दिव्याचे जे करीत आहे, तेच चित्रकार कागदाचे करीत होता. बोटांतून पाझरणारा तांबूस प्रकाश या दृष्टीने पाहावा. ज्योत दिसत नाही. तिला झाकणारे मांस तेवढे उजळलेले दिसते. चेहऱ्यावरील गोडवा किंचित अधिक झाला आहे, आणि दिनदर्शिकांनी नेमका तोच उचलला, हे कबूल केले पाहिजे. हात मात्र गोड नाही. तो खरा आहे.

दिवाळीच्या दिवशी आपली कन्या हाती दिवा घेऊन उभी असलेली पाहून हळदणकरांना हे चित्र सुचले, असे त्यांच्या कुटुंबीयांकडून सांगितले जाते. तसे असले तरी हे त्या मुलीचे व्यक्तिचित्र झालेले नाही. तिच्या चेहऱ्याचे साम्य किती साधले आहे, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उद्भवत नाही. त्याची दृष्टी प्रथम बोटांवर जाते आणि चेहऱ्याकडे मागाहून वळते.