औषधसूचनेची भाषा : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

एकाच रुग्णास अनेक औषधे घ्यावी लागतात, तेव्हा ती समजावून देण्याचा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. तो भाषेचाही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधसुरक्षेची जी मोहीम आरंभिली, तीत बहुऔषधसेवन हा एक प्रमुख विषय मानला गेला. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा या दृष्टीने विचारणीय आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होत. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत पावरी व भिली, नवापुराकडे मावची, तर सपाटीवर अहिराणी बोलली जाते. औषधाच्या वेष्टनावरील मजकूर मात्र बहुधा इंग्रजी असतो.

त्याचे मराठी भाषांतर केले म्हणजे कार्य झाले, ही समजूत अपुरी होय. गर्भवतीस दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचे उदाहरण घ्यावे. लोहाची गोळी सामान्यतः रोज एक, कॅल्शियमची दोन वेळा. परंतु दोन्ही एकत्र घेतल्यास लोहाचे शोषण घटते, म्हणून त्यांत निदान दोन तासांचे अंतर हवे. प्रत्येक गोळीविषयीचे वाक्य बिनचूक असूनही दोन वाक्यांमधील हा संबंध सांगावयाचा राहिला, तर शब्दकोश हाती देऊन व्याकरण मागे ठेवल्यासारखे होते.

शब्दही सर्वस्वी निर्दोष नाहीत. ‘दिवसातून तीनदा’ यातील ‘दिवस’ म्हणजे अहोरात्र, की सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ? ‘रक्तवाढीची गोळी’ हे रूढ नाव तर त्याहून धोक्याचे. सिकलसेलच्या रुग्णासही रक्त कमी असल्याचे सांगण्यात येते. घरातील गर्भवतीची लोहाची गोळी त्याला आपल्याही उपयोगाची वाटली, तर नवल नाही. परंतु ज्यास वरचेवर रक्त द्यावे लागते, अशा रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साचत असते.

सूर्य-चंद्राच्या चित्रांनी वेळ दाखविता येते. ‘एकत्र घेऊ नये’ हा निषेध आणि त्यामागील कारण त्यांतून सहजी व्यक्त होत नाही. तेथे माणूसच हवा. आशा कार्यकर्ती गावातीलच असते, ही मोठी सोय. तथापि तिला केवळ दुभाषी मानणे योग्य नव्हे. सूचना गोळीनुसार न रचता रुग्णाच्या दिनक्रमानुसार, म्हणजे न्याहारी, शेतावरून परतणे, निजणे या क्रमाने रचावी. ‘समजले का?’ या प्रश्नाचे ‘हो’ हे उत्तर पुष्कळदा सौजन्याचे असते, आकलनाचे नव्हे. म्हणून रुग्णाने ती सूचना आपल्या बोलीत परत सांगितल्यावरच समजावणी पूर्ण झाली, असे मानावे.