ई-पासपोर्टची चिप : कुलूप न फोडता काढलेला माग

ई-पासपोर्टच्या चिपमधला फोटो कोणी बदलला तर डिजिटल सहीमुळे ते पकडता येतं. हा फायदा खराच. पण टॉम चोथिया आणि व्हिटाली स्मिर्नोव्ह यांचा २०१० चा पेपर वाचा. त्यांनी एन्क्रिप्शन फोडलंच नाही! खऱ्या रीडरचा एक संदेश टिपला आणि नंतर तोच पुन्हा पाठवला. फ्रेंच पासपोर्ट ‘तोच’ असेल तर एक एरर, दुसरा असेल तर वेगळा. इतर देशांच्या चिपमध्ये उत्तराच्या वेळेत फरक. झाली ओळख, नाव न वाचता.

मला खटकतं ते पहिलं पाऊल. तो संदेश टिपायला आधी खऱ्या तपासणीच्या वेळी जवळ असावं लागतं. शिवाय चिपचा पल्ला तोकडा, म्हणजे दारातून जाणारा माणूस ओळखता येईल, शहरभर फिरणारा नाही. उपाय मात्र साधाच : दोन्ही वेळा एकच एरर, तेवढ्याच वेळात.