बनगरवाडीत मेंढराचा भाव काय होता?

बीएला माझे दोन विषय होते, इतिहास आणि अर्थशास्त्र. कॉलेज सांगली जिल्ह्यातलं. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर, मधे पाण्याची टाकी. इतिहासाच्या तासाला दुष्काळ म्हणजे सनावळी : १८७६, १८९६, १९७२. अर्थशास्त्राच्या तासाला दुष्काळ म्हणजे फळ्यावरची पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकवणं. तीन वर्षांत एकदाही कुणी टाकी ओलांडून पलीकडच्या वर्गात काय चाललंय हे विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आता मेजर-मायनर आल्यापासून जास्त पोरं हे दोन विषय एकत्र घेतील, पण वेळापत्रकात शेजारी आले म्हणून विषय एकमेकांशी बोलायला लागतात असं नाही.

माझ्यापुरते ते पहिल्यांदा बोलले व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त. म्हणजे ना या विभागात, ना त्या.

१९५५ साली आलेली ही कादंबरी बहुतेकांनी शाळेत असताना वाचलेली असते, निदान तिच्यावरचा अमोल पालेकरांचा सिनेमा तरी पाहिलेला असतो. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर नेमणुकीला येतो, हळूहळू वाडीचा होतो, शेवटी पाऊस दगा देतो आणि वाडी रिकामी होते. तिच्याबद्दल साधारण एकाच सुरात लिहिलं जातं : माणदेशी माणसांचं जिव्हाळ्याचं चित्रण, साधी भाषा, निसर्गापुढे हतबल माणूस. पहिल्या दोन गोष्टी मला शंभर टक्के मान्य आहेत. तिसरीवर माझं भांडण आहे.

एमएच्या पहिल्या वर्षी अमर्त्य सेन यांचं १९८१चं दुष्काळावरचं पुस्तक वाचत होतो. त्यात इथिओपिया आणि साहेलमधल्या पशुपालकांवर प्रकरणं आहेत. मुद्दा साधा आहे. मेंढपाळ मेंढरं खाऊन जगत नाही, मेंढरं विकून धान्य घेतो आणि ते खाऊन जगतो. पाऊस गेला की त्याची जनावरं मरतात, हे आपल्याला दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की जी उरतात त्यांचाही भाव कोसळतो, कारण सगळेच विकायला काढतात आणि जनावरं हडकलेली असतात. त्याच आठवड्यात धान्य महाग झालेलं असतं. कालपर्यंत एका मेंढरात महिन्याची ज्वारी येत असेल, तर आज आठवड्याचीही येत नाही. मेंढपाळ दोन्हीकडून मार खातो, आणि दुसरा मार आकाशातून पडलेला नसतो. तो बाजारात बसतो.

त्या रात्री ‘बनगरवाडी’ पुन्हा काढली. शेवटची प्रकरणं वाचताना एकच प्रश्न डोक्यात होता : बाजारात मेंढराचा भाव काय होता?

कादंबरी ते सांगत नाही. जनावरं मरताना दिसतात, माणसं बिऱ्हाड उचलून जाताना दिसतात, शाळेतली मुलं संपतात. पण मेंढरं कुणी घेतली, कितीला घेतली, ज्वारी कुठल्या दराने मिळत होती, यातलं काही हाताला लागत नाही. व्यापारी या कादंबरीच्या अगदी कडेला आहे. त्यामुळे वाडी ओस पडणं हे उन्हाळ्यानंतर पावसाळा यावा इतकं नैसर्गिक वाटतं. टीकाकारांनी जी ‘निसर्गापुढची हतबलता’ वाचली, तिचा अर्धा दोष या मौनाचा आहे.

म्हणजे माडगूळकरांना अर्थकारण कळत नव्हतं असं अजिबात नाही. शेकूची गोष्ट आठवा. बैल एकच, दुसरा मिळत नाही, तेव्हा त्याची बायको स्वतः औताला खांदा देते. आमच्याकडे बैल अडीनडीला एकमेकांना द्यायची रीत आहे, पैरा म्हणतात. पैरा कधी मोडतो? पेरणीची ओल सगळ्यांच्या रानात एकाच वेळी असते तेव्हा. कोरडवाहू शेतीतल्या भांडवलाच्या टंचाईवर यापेक्षा नेमकं पान मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं नाही. आणि मास्तर स्वतः? अख्ख्या वाडीत दरमहा रोख पगार मिळणारा तो एकटा. वाडीची पत्रं आणि तालुक्याची कामं त्याच्याकडे येतात ती तो लिहिता-वाचता आहे म्हणून, हे खरंच. पण त्याचं उत्पन्न पावसावर नाही, हेही तितकंच खरं. दुष्काळ तो पाहतो, भोगत नाही. निवेदक पगारी असल्यामुळेच भाव निसटतो, असं माझं वाचन आहे.

आता टाकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. ही वाडी ब्रिटिश मुलखात नाही, औंध संस्थानात आहे. औंध म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं छोटं संस्थान. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनीच लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१०मध्ये कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३९मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. हे माहीत असेल तर कादंबरीतल्या तालमीचा प्रसंग वेगळा दिसतो. वाडीकर श्रमाने तालीम बांधतात आणि उद्घाटनाला खुद्द राजा येतो. शाळेत असताना मला तो नुसता हृद्य वाटला होता. पण व्यायामावर श्रद्धा असलेल्या राज्याने प्रजेला दिलेली ती अगदी त्याच्या स्वभावातली भेट आहे. सुधारणा शाळेच्या आणि तालमीच्या रूपाने वाडीपर्यंत पोचली. मग पाऊस गेला, आणि तालीम जागेवर राहून तालमीत घुमायची ती माणसं निघून गेली.

एवढं भलं राज्यसुद्धा वाडी थांबवू शकलं नाही, याचा राग कादंबरीत नाही. मला येतो.

कारण थांबवता येतं, हे नंतर याच जिल्ह्यात सिद्ध झालं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना १९६०च्या दशकात तिथेच करून पाहिली. १९७२च्या दुष्काळात राज्यभर कामं निघाली, १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला. पैसा उभा करायला १९७५मध्ये व्यवसाय कर आला. पगाराच्या स्लिपवर दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, तोच. म्हणजे बनगरवाडीच्या मास्तराचा पगार आणि शेकूची मजुरी यांच्यात कायद्याने एक नळी जोडली गेली. हातात मजुरी असली की ज्वारी महाग झाली तरी माणूस बाजारात उभा राहू शकतो. सेन ज्याला हक्कदारी म्हणतात ती हीच.

माझी आजी खटावकडची. तिच्या लहानपणी दुष्काळात घरची सगळी ‘जगायला’ खाली कृष्णाकाठी गेली होती. बहात्तरला मात्र ती गेली नाही. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मिलो खाल्ला, पोरांना सुकडी आणली. बहात्तरच्या हालांबद्दल ती तासभर बोलायची, पण घर सोडल्याचं दुःख त्यात नसायचं. अर्थशास्त्राच्या नोट्समध्ये हे ‘हंगामी स्थलांतर’ आहे, इतिहासाच्या नोट्समध्ये एक सन. एकदा तिला विचारलं, जगायला गेलात तेव्हा जनावरं कितीला विकली? म्हणाली, “किती कसलं? घेणार कोण हुतं?”

यावर एक मित्र म्हणाला, तू कादंबरीकडून जमाखर्च मागतोयस. असेल. मेंढराचा भाव लिहिला असता तर ‘बनगरवाडी’ कदाचित बिघडलीही असती. तिचा तो शांत शेवट तुटला असता. लेखकाने ते सांगायलाच हवं होतं असं मी म्हणत नाही. आपण वाचक म्हणून सत्तर वर्षं ते विचारलं नाही, हे खटकतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेही नीट पडत नाही. २०१९च्या उन्हाळ्यात माणमध्ये चारा छावण्या होत्या, ऑगस्टमध्ये सांगली शहर पाण्यात. कृष्णेचं पाणी टेंभूहून उचलून आटपाडीकडे न्यायला योजना लागली, आणि त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींसारख्यांना वर्षानुवर्षं पाणी परिषदा घ्याव्या लागल्या. यातल्या कशाला निसर्ग म्हणायचं?

सध्या ‘माणदेशी माणसं’ पुन्हा वाचतोय. हातात पेन्सिल आहे. जिथे पैशाचा किंवा धान्याचा उल्लेख येतो तिथे खूण करतोय.